हळदीच्या पानातला बिऱ्हाडकरू

झाशीच्या नगरा वस्तीत, रेल्वे क्वार्टरच्या मागल्या वीतभर अंगणात कुसुमावती हळद लावायची. शेजारणींना भारी नवल वाटे. हळद बाजारात मिळते, मग चिखलात हात कशाला घालायचे, असं त्या विचारत. पण कुसुमावतीला हवी असायची ती पानं. नागपंचमीला हळदीच्या पानात गूळखोबऱ्याच्या पातोळ्या उकडल्या नाहीत तर रत्नागिरीकडच्या माणसाला सण झाल्यासारखा वाटतच नाही. लग्न होऊन इकडं येताना तिनं हळदीचे गड्डे पदराशी बांधून आणले होते. नवरा यशवंत इंजिनांच्या कारखान्यात फिटर. बायकोनं सोन्याऐवजी चिखल आणला म्हणून तो तिला चिडवी, आणि पातोळ्या मात्र ताटभर हाणी.

हळदीला वैरी एकच. काळपट तपकिरी, पंखांवर पांढरे ठिपके, पतंगासारखं जाडजूड अंगाचं एक फुलपाखरू. ते सरळ म्हणून उडायचं नाही. या पानावरून त्या पानावर नुसत्या उड्या, आणि सुटं सुटं एकेक अंडं टाकून पसार. अंड्यातली अळी पानाची कड दुमडून रेशमानं टाचायची, दिवसा आत दडून बसायची आणि तिन्हीसांजेला तेच पान कुरतडायची. कुसुमावती दुमड उलगडी आणि अळी चपलेखाली चिरडी. त्याचं तिला काही वाटत नसे.

त्या वर्षी गावचं घर बंद करून सासूबाई, यमुनाबाई, कायमच्या राहायला आल्या. आल्या, पण पाहुणीसारख्या. वाढलं ते खात, पाणीसुद्धा मागून पीत, आमटी खारट झाली तरी छान झाली म्हणत. कडक सासूची तयारी करून बसलेल्या कुसुमावतीला ही सभ्यता जिव्हारी लागली. महिन्याभरात त्यांनी मुलाला रेल्वेचा परतीचा पास काढायला सांगितला. गावी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं, म्हातारी एकटीच त्या घरात झुरणार, हे कुसुमावतीला दिसत होतं. पातोळ्या खाऊन तरी आईंचं मन इथं रमेल, एवढीच तिला आशा होती.

सासूबाईंची मर्जी राखण्यात आठवडाभर तिचं अंगणाकडे लक्ष नव्हतं. पंचमीच्या सकाळी पानं खुडायला गेली, तर बहुतेक सगळी दुमडलेली. त्या दिवशी चिरायचं नाही, खणायचं नाही, कुठल्या जिवाला दुखवायचं नाही, हे तिला ठाऊक नव्हतं का? पण रडकुंडीला आलेल्या माणसाला शास्त्र कुठलं आठवतं! तिनं एक पान उलगडलं, काळ्या डोक्याची हिरवट अळी खाली झटकली आणि पायातली चप्पल उचलली.

"ठेव ती खाली," यमुनाबाई मागच्या दारातून कडाडल्या. "पंचमीच्या दिवशी जीव घेतेस? हेच शिकवलं तुझ्या आईनं?"

मग महिन्याभराचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. आमटीतलं मीठ, खिडकीतलं जाळं, यशवंताला लावलेली चहाची सवय, काही म्हणून सुटलं नाही. कुसुमावती चप्पल हातात धरून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांना पाणी येत होतं. लग्न झाल्यापासून इतका आनंद तिला क्वचितच झाला असेल. पाहुणी काही असं बोलत नाही.

यमुनाबाईंनी अळी उचलून पुन्हा पानावर सोडली. थोडक्यात वाचली बिचारी, असं पुटपुटत चिखलात बसून धड पानं शोधली. वाट्याला एकेक पातोळी आली. दुमडलेल्या पानांना मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी त्या वाकून बघत. आत अळीचा पांढऱ्या भुकटीनं माखलेला कोश झाला, आणि एके दिवशी त्यातून निघालेलं फुलपाखरू पंख वाळवून भिंतीवरून उड्या मारत गेलं.

त्याच संध्याकाळी यशवंतानं पास आणून आईपुढं ठेवला. तिनं तो उचललासुद्धा नाही.

"परत कर," यमुनाबाई म्हणाल्या. "अजून तीन पानं मिटलेली आहेत, आणि ही चप्पल घेऊन टपलीय. हिच्या भरवशावर घर टाकून मी जाऊ कुठं?"