आधी लागलेलं दुसरं रीळ

आईनं खोली भाड्यानं दिली ती एकाच अटीवर: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागले तेव्हा आम्ही वैजापूरकडची मेंढरं विकून औरंगाबादला आलो आणि मागेपुढे दोन खोल्या बांधल्या. गिलाव्याच्या वेळी आई गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिली होती. कुणी नुसता खिळ्याचा शब्द काढला तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मागच्या खोलीत एक जोडपं भाडेकरू म्हणून राहायला आलं; त्यातल्या बाईला मी वहिनी म्हणायचे. "आमी लासूरकडचे," म्हणाले. आडनाव असं, की चार जातींत सापडावं. आईनं आपल्या सोयीचं ते समजून घेतलं. दोन वर्षांत वहिनी आमच्या चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागली. तिची भाकरी टम्म फुगायची, माझी फाटायची. यावरून दोघी मिळून मला छळायच्या आणि मला ते आवडायचंही.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तेव्हा धुमसत होता. भिंतीभिंतींवर घोषणा होत्या, मोर्चे निघत होते. आमच्या घरात मात्र त्यावर कुणी बोलायचं नाही. वडील म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय?" लाज वाटते, पण मीही तेच म्हणत होते.

कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी दुपारी माझ्या कॉलेजातले एक सर प्रोजेक्टर घेऊन आमच्या वस्तीत यायचे आणि गणपतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिनेमा दाखवायचे. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांवर आमच्याच घोंगड्या टांगायच्या. शेडमध्ये मेंढरांचा वास सुटायचा. शहरात तो वास आला की मला उगाच बरं वाटायचं. सिनेमा संपला की प्रत्येकानं आपण कुठून आलो ते सांगायचं आणि मगच चहा, हा सरांचा नियम. बीडचे, जालन्याचे, थेट बिहारचे लोक उठून बोलायचे. वहिनी दर वेळी म्हणायची, "लासूर. कामासाठी आलो."

त्या शुक्रवारचा सिनेमा लांबच्या कुठल्या प्रांतातला होता. भाषा कुणालाच कळत नव्हती. दोन रिळं होती आणि सरांनी गडबडीत दुसरं आधी लावलं. त्यामुळं आम्हाला आधी दिसली शहरातली कोंदट खोली, भोंगा, खोकणारी बायको. रीळ बदलताना सरांना घाम फुटलेला मी पाहिला, पण कारण कळलं नाही. मग मध्येच नावांच्या पाट्या आल्या. पुढं आम्ही बघतो तर तीच माणसं गावातल्या अंगणात बसलेली, दारात बैल, बायको ठणठणीत. शेवटी त्यांनी घराला कुलूप लावलं आणि गाठोडी उचलली.

"जत्रंला निघाले आसतील," एक म्हातारे टर्नर म्हणाले. "बरं झालं. गेले एकदाचे आपल्या घरी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वहिनी उठली. पाळी तिची नव्हती.

"घर ऱ्हायलं तर मानूस जाईल," ती म्हणाली. "आमी लासूरचे नाय. तिकडं लई लांब, गोदाकाठचे. नामांतराच्या दंगलीत गावाबाहेरचा आमचा सगळा वाडाच पेटवला. आमचं घर त्यातच गेलं."

सर खाली मान घालून म्हणाले, "माझी चूक झाली. दुसरं रीळ आधी लागलं. ती माणसं घरी गेली नाहीत. घर सोडून निघाली होती."

"मंग बरुबर हाय," वहिनी म्हणाली आणि खाली बसली.

आईनं घोंगड्या उतरवल्या, घड्या घातल्या आणि चहा न घेताच घरी आली. त्या संध्याकाळी वहिनी भाकऱ्यांना आली नाही. आई तिला जायला सांगेल याची मला खात्री होती, आणि आईला अडवायची हिंमत माझ्यात नव्हती.

सकाळी आई आणि मी मागं गेलो तर वहिनी भांडी गोणीत भरत होती.

"दोन वर्सं माझ्या चुलीपाशी बसलीस," आई कडाडली, "आन् गाव खोटं सांगितलंस?"

"आक्का, खरं सांगितलं आसतं तर खोली दिली आसती का?"

आईनं उंबऱ्यातून गोणीकडं पाहिलं.

"नसती दिली," ती म्हणाली.

ते शब्द मला आजही बोचतात. तरी आईनं तेव्हा खोटं बोलून वेळ मारून नेली नाही, याचा अभिमानही वाटतो.

मग ती खाली बसली. "घरात काय काय व्हतं तुझ्या?"

वहिनीनं एकेक सांगितलं. पितळी घागर, सासूचं जातं, बाळंतपणाची बाज. "आन् ऱ्हायलं काय?" आईनं विचारलं. वहिनीनं पेटीच्या तळातून, लुगड्यात गुंडाळलेली निळ्या कोटातल्या बाबांची तसबीर काढली. काचेला एका कोपऱ्यात काजळी होती.

"दोन वर्सं पेटीतच?"

"खिळा ठोकायचा नाय म्हनला व्हता की तुमी."

आई उठली, पुढच्या खोलीतून हातोडी आणि खिळा घेऊन आली आणि तिनं स्वतःच्या हातानं तो भिंतीत ठोकला. पहिल्याच घावाला गिलाव्याचा टवका उडाला. आईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.