फायटरचे नवे शेजारी

आमचा निळा फायटर मासा टाकीत एकटाच राहतो, याचं मुलीला फार वाईट वाटायचं. त्याला सोबती आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “झुपकेदार शेपटीचे नकोत, साहेब. ते त्याला वैरीच वाटतात. हे मातकट रंगाचे न्या, तळाशीच राहतात. तरी लक्ष ठेवा, नाही पटलं तर फायटर त्यांना फाडून टाकेल.”

पाण्याची सवय व्हावी म्हणून नव्या माशांची पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली. फायटरने लगेच कल्ले फुगवले. बायको हसली, “अहो, हा तर बघण्याच्या कार्यक्रमातच भांडायला उठला!” मुलगी मात्र रडवेली झाली.

मला हॉस्टेलचा पहिला दिवस आठवला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पत्र्याची पेटी घेऊन खोलीच्या दारात उभा होतो. आधीपासून राहणाऱ्या मुलाच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्याने कपाटातला एक कप्पा माझ्यासाठी रिकामा केला. माझ्या पदवीत त्या कप्प्याचाही वाटा आहे.

पिशवी उघडली. नवे मासे तळाशी जाऊन वाळू चाचपू लागले. फायटर त्यांच्या अंगावर धावून गेला, जवळ जाऊन थबकला आणि एक घिरटी घालून वर निघून गेला.

“बाबा, राहू देतोय तो त्यांना!” मुलगी म्हणाली.