दहिफळे मामांची पाहणी

दहिफळे मामांबरोबर कुठेही सहलीला गेलं, की तिथला चहावाला त्यांना आधीच ओळखत असायचा. आमच्या नागापूरच्या वर्कशॉपमध्ये मामा तपासणी खात्यात होते, आणि पडकी देवळं हा त्यांचा एकमेव नाद. कामगारांची सहल ठरली की आधीच्या सुट्टीला ते मोटारसायकलवर एकटेच जाऊन यायचे. बायकांसाठी आडोसा कुठे, दुपारी सावली कुठल्या बाजूला, पायऱ्या किती, सगळं डायरीत उतरवून आणायचे. "देव कोनीबी दाखवील," म्हणायचे, "सावली दाखवनारा पायजे."

देवळापुढे उभं राहून हात जोडण्याआधी त्यांची टेप निघायची. उंबऱ्याची उंची, दाराची रुंदी. "मामा, माप चुकलं तर देव रिजेक्ट करणार का?" असं आम्ही चिडवायचो. ते शांतपणे आकडा लिहायचे आणि म्हणायचे, "मोजल्यालं बरं असतं. मग भ्या वाटत न्हाई."

माणूस पाथर्डीकडचा. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, आणि बरेच हंगाम त्यांची पाचटाची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पेडगावला, भीमेच्या काठच्या जुन्या देवळांशेजारी पडायची. वडील जाऊन खूप वर्षं झाली. आई मामांकडेच असायची, ऐंशीच्या पुढची. जन्मात काही न मागितलेली ही बाई एक दिवस म्हणाली, "पेडगावची देवळं एकदा बगायचीत मला. पाय हायेत तवर."

गाडी माझी ठरली. जायचं सकाळी, परतायचं दुपारी, एवढाच बेत. पण आखणार होते मामा.

पहिल्या पाहणीहून आले ते ऊन फार म्हणत. दिवाळीनंतर दुसरी केली, तर वाटेत वेड्या बाभळी. तिसऱ्या वेळी मोठ्या देवळाचा उंबरा भरला चौदा इंच. घरी येऊन त्यांनी आईला विटांवर पाय ठेवायला लावले. गुडघा सात इंचांच्या वर जाईना. मग मामांनी भंगारातल्या पट्ट्या जोडून दोन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल करायला घेतलं. रंग दिला. रंग वाळेना म्हणून आणखी एक आठवडा गेला.

या सगळ्यात वर्ष सरलं. सुरुवातीला काठी टेकत अंगणात येणारी मामांची आई, आमची आजी, आता भिंत धरून चालत होती. मी स्टूल पाहायला गेलो तेव्हा ती मामांना म्हणाली, "न्यायचं तर ने बाबा. न्हाईतर सरळ न्हाई म्हन, मी आस सोडते." मामा स्टूल हलवून बघत राहिले. मला त्यांचा राग आला. म्हणालो, "मामा, उद्या सुट्टी आहे. साडेसहाला गाडी आणतोय. तुम्ही नसलात तरी आजींना नेणार."

साडेसहाला दोघं दारात उभे होते. स्टूलसुद्धा.

श्रीगोंद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला, तशी आजी काचेला नाक लावून बसली. पेडगावला उतरल्यावर मामांनी कोरीव मोठ्या देवळाच्या उंबऱ्याशी स्टूल मांडलं, त्यावर स्वतः दोनदा चढून पाहिलं आणि हाक मारली, "आई, ये."

आजी तिकडे बघेचना. पलीकडे छप्पर पडलेलं एक देऊळ होतं, उघड्यावर पाचसात खांब. माझ्या खांद्याला धरून ती तिकडे निघाली. एका खांबाशी थांबली, खालून हात फिरवला आणि त्याला डोकं टेकवलं. मामा धावत आले. "आई, तितं देव न्हाई. देव हिकडं."

"मला ठावं हाय," आजी म्हणाली. "तू रांगायला लागला हुतास. खाली नदी. तुजा बाप ऊस तोडायचा, मी मोळ्या वहायचे, तुला बगायला कोन? ह्या खांबाला तुजा पाय दोरीनं बांदून जायचे. दिसभर. लांबून तुजं रडनं यायचं, पन मोळी टाकून येता येत नव्हतं. हे तुला सांगायला तोंड झालं न्हाई. पन माजं लेकरू ह्यानं सांबाळलं, त्याला हात जोडायचं ऱ्हायलं हुतं."

टेप मामांच्या हातातच होती. ती त्यांनी खिशात ठेवली आणि इस्त्रीच्या पँटीनिशी त्या खांबाला पाठ लावून धुळीत बसले. त्या माणसाला मी इतकी वर्षं चेष्टेवारी नेलं, याची मला तिथे लाज वाटली.

ऊन चढलं. सावली कुठे आहे हे त्या दिवशी आम्हाला कुणी दाखवलं नाही. शेवटी आजीनंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊठ की आता," ती म्हणाली. "आज काय बांदल्यालं न्हाई मी."