मेहविशनं माऊसला हात लावला नाही

आमच्या पुणतांब्यात हट्टी बाई कोण म्हटलं की लोक माझं नाव घेतात. घेऊ देत, मला काही फरक पडत नाही. पण खरा हट्ट काय असतो ते मला शेजारच्या अलीमभाई टेलरच्या मेहविशनं दाखवलं. तेही आवाज न चढवता, आमच्याच घरात एका जागी बसून.

पोर विशीतली. कॉलेजची परीक्षा संपली की बापाच्या दुकानात काज-बटणं करायची, आणि सकाळी श्रीरामपूरला मराठी टायपिंगच्या क्लासला जायची. तिला सरकारी कचेरीत लागायचं होतं. अलीमभाईंनी तिला सरळ सांगितलेलं होतं, "टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झालीस तर पुढं शीक. नाहीतर मावशीनं संगमनेरचं स्थळ आणलंय, ते बघू." क्लासमध्ये एकच तास मिळायचा, त्यात बोटं काय धावणार? घरी कंप्युटर नाही. मीच तिला म्हटलं, आमचा दुपारी रिकामाच असतो, येत जा.

रोज दोनला यायची. बाहेरच्या नळावर हात धुवायची, ओढणीच्या टोकानं कीबोर्ड पुसायची आणि बसायची. दीड तास नुसती खडखड. मी डाळ निवडत ऐकायचे. पहिल्या महिन्यात ती खडखड अडखळत चालायची, नंतर नंतर इतकी धावायला लागली की मला माझ्या डाळीतले खडे मोजता येईनात.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. बिभीषण धनवटे, साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावरून रिटायर. कंप्युटर त्यांचा, आणि कंप्युटरवरचं मोठं काम एकच: गावच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका. बाहेरच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही. सात दिवसांचे कीर्तनकार, गायक, मृदंगवाले, पंगती देणारे, मंडप देणारे, पाणी देणारे, अशी शंभरावर नावं. एक राहिलं तर तो माणूस वर्षभर आमच्या दारावरून मान वळवून जातो. आणि अक्षराचं वळण, फाँट म्हणतात ते, दरवर्षी नवं लागतं. "मागल्या वर्षीचंच अक्षर घातलं तर लोक म्हनतील, ह्यानं नुसत्या तारखा बदलल्या," असं ह्यांचं म्हणणं. म्हणून हे नेटवर नक्षीची अक्षरं शोधत बसतात, फुकटची.

सप्ताह झाला, काला झाला, मे महिना उजाडला. एक दिवस सप्ताह कमिटीचे दोन बुजुर्ग काल्याच्या कीर्तनाचे फोटो बघायला आमच्याकडे आले. हे एकेक फोटो दाखवतायत, महाराज फेटा बांधून उभे आहेत, आणि टणकन आवाज होऊन पडद्याच्या कोपऱ्यात एक बाई आली. अंगावर कपडा असून नसल्यासारखा. खाली लिहिलेलं, तुमच्या गावातल्या एकट्या बायका तुमची वाट बघतायत. ह्यांनी ती घालवली तर दुसरी आली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, तशीच मागे फिरले. देवा रे!

बुजुर्गांपैकी एकानं घसा खाकरला. "बिभीषन, कंप्युटर म्हंजी आरसा असतोय. जो जे बघतो तेच तो दाखवतो. त्याला कुकी का कायतरी म्हनत्यात, माझा जावई सांगत हुता." ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि माणूस अडकला की जे हाताशी सापडेल ते पुढं करतो. हे म्हणाले, "आमी कशाला बघतोय? शेजारची पोर येती ना टायपिंगला, तिचंच असंल."

झालं. दुसऱ्या दिवशी दोनला मेहविश आली तर हे दारातच उभे. "तू येऊ नको आता. तू कंप्युटरवर काय बघती ते आमाला समदं कळलंय." ती म्हणाली, "काका, मी काय बघते? मी तर उतारे टाईप करते." हे म्हणाले, "कंप्युटर खोटं बोलत न्हाई." मी आत होते. कपाटातल्या साड्यांच्या घड्या घालत होते. माझ्या कानावर शब्द न् शब्द आला. मला वाटलं, खरंच असेल का? हल्लीच्या पोरी. असं वाटलं, कबूल करते. आणि मी घडी घालत राहिले.

एवढ्यावर थांबले असते तर ते बिभीषण कसले! हे सरळ अलीमभाईंच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "पोरीकडं ध्यान ठेवा जरा." अलीमभाईंनी मशीन थांबवलं. त्या दिवसापासून मेहविशचा क्लास बंद. टायपिंगची परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली.

आमच्या घरात इकडं शुद्धीकरण सुरू. ह्यांनी नेटची वायर काढून ठेवली, कारण घाण वायरीतून येते. पुन्हा जोडली की बाई हजर. मग म्हणाले, अँटिव्हायरस आहे, हिरवी खूण दिसते, म्हणजे मशीन चांगलं आहे, पोरीनंच आत काहीतरी ठेवलंय. ईमेल उघडलं तर त्यात लॉटरी, केस उगवायचं तेल आणि परदेशातल्या कुठल्या तरी विधवेची इस्टेट. "माझा पत्ता हिनंच वाटला," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पोर घरी बसलीये आठवडा झाला. मग ह्या बाया अजून कोणासाठी येतायत?" ह्यांनी अँटिव्हायरस पुन्हा एकदा फिरवला.

नवव्या दिवशी दोनला दार वाजलं. मेहविश. हातात वही. हे म्हणाले, "तुला सांगितलं हुतं ना?" ती म्हणाली, "हो. मी टायपिंगला नाही आले. काका, एकदा कंप्युटर लावा. मी माऊसला हात लावणार नाही, कीबोर्डला पण नाही. मी लांब बसते, तुम्हीच सगळं करा. मग मी जाते."

"मला टाईम न्हाई."

"मी थांबते," असं म्हणून ती पायरीवर बसली. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, फरशी तापलेली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रस्त्यानं जाणारे बघायला लागले. हे आत येरझाऱ्या घालत होते. शेवटी माझंच डोकं सटकलं. मी म्हटलं, "लावा कंप्युटर. नाहीतर मी तिच्या शेजारी जाऊन बसते, मग बघू दे गावाला." तेव्हा कुठं ह्यांनी बटण दाबलं.

मेहविश खरंच लांब बसली, भिंतीला टेकून, दोन्ही हात ओढणीखाली. वहीत तिनं क्लासच्या पंकजा मॅडमना फोनवर विचारून सगळं लिहून आणलं होतं. ती वाचून सांगायची, हे क्लिक करायचे. "काका, कुकी म्हणजे एक चिठ्ठी असते. तुम्ही ज्या साईटवर गेलात, तिनं तुमची ओळख ठेवायला दिलेली. काकूंनी एकदा मिक्सर बघितला तर पुढं आठवडाभर मिक्सरच्या जाहिराती आल्या, त्या कुकीमुळं. पण ही कोपऱ्यातली बाई चिठ्ठीतून येत नाही. तिला कोणीतरी परवानगी दिलेली असते, आणि कधी कधी ती महिनाभर थांबून मग यायला लागते. आता सेटिंगमध्ये जा. तिथं नोटिफिकेशन लिहिलंय, ते उघडा."

ह्यांनी उघडलं. परवानगी दिलेल्या साईटींची यादी आली. चार नावं. तिसरं नाव वाचून ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती अक्षरांची साईट होती. ह्यांची फुकटच्या अक्षरांची.

"तिथं एक खिडकी आली असेल," मेहविश म्हणाली, "अलाऊ असं विचारणारी."

"आली हुती. अलाऊ दाबल्याबिगर अक्षर मिळंना."

"ईमेल पण मागितला असेल."

"दिला की. देवाच्या कामाची अक्षरं, त्यात कसलं पाप? वर गनपतीचं चित्र हुतं!" हे खरंच कळवळून बोलले. ह्यांचा असा समज की घाण फक्त घाणीतून येते. गणपती लावलेल्या दुकानातून कशी येईल? तिथं पुढं, पुढं, हो, हो, असं दाबत गेलेले.

"आता कंट्रोल पॅनेल. बसवलेल्या प्रोग्रामची यादी. तारखेप्रमाणे लावा." लागली. अक्षरांच्या जोडीनं कसलासा इंग्रजी नावाचा प्रोग्राम आत शिरला होता, त्या दोघांची तारीख एकच. एकतीस मार्च.

मेहविशनं वही मिटली. मीच म्हटलं, "एकतीस मार्च म्हणजे?" आणि बोलता बोलता मला आठवलं. यंदा पाडवा आणि ईद लागोपाठ आले होते. आदल्या संध्याकाळी आम्ही गुढी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी ईद. ईदला ही पोर आमच्याकडे टायपिंगला कशाला येईल? उलट तिच्या घरून शिरखुर्म्याचा डबा आला होता. हे पत्रिकेला बसले होते, वाटी कीबोर्डच्या शेजारी, चमचा तोंडात. मी ओरडले होते, सांडेल म्हणून.

"शिरखुर्मा खात दाबलंत तुम्ही," मी म्हटलं. "तिच्या घरचा!" मला इतका संताप आला की ती वाटी आत्ता तिथं असती तर मी उचलून आपटली असती.

ह्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "बरं, झालं गेलं. उद्यापासून येत जा पोरी."

मेहविश उठली. "येते काका. पण अब्बूंना तुम्ही दुकानात सांगितलंत, गिऱ्हाइकांसमोर. ते परत पण दुकानातच घ्या, आणि गिऱ्हाईक असतील तेव्हा." एवढं बोलून गेली. आवाज अजिबात कापला नाही. मी तिच्या वयाची होते तेव्हा मला सासऱ्यांसमोर पाणी मागायची भीती वाटायची.

ह्यांनी आधी म्हटलं, संध्याकाळी बघू. मग म्हटलं, फोन करतो. मी माझ्या चपला घातल्या आणि ह्यांच्याही आणून पुढं ठेवल्या. सोमवारचा दिवस, लग्नसराई, अलीमभाईंच्या दुकानात पाच-सहा जण शिवलेले ब्लाउज, पँट न्यायला आलेले. हे आधी उन्हाबद्दल बोलले, मग उसाबद्दल. मी मागून खाकरले. मग ह्यांनी टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणाले, "अलीमभाई, त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं हुतं. घान माझ्या हातानं आली. पत्रिकेच्या अक्षरासंगं. पोरीचा काय बी संबंध न्हाई. समद्यांनी ऐका."

अलीमभाईंनी मशीनचा खण ओढला, रिळांखालून एक घडी केलेला कागद काढला. मेहविशचं परीक्षेचं हॉल तिकीट. त्याला तेलाचा डाग पडला होता. "मी काढून घेतलं होतं भाभी," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "संगमनेरला हो पण कळवणार होतो, उद्या. तुम्हीच द्या तिला. मला तोंड नाही."

तिकीट घेऊन मी मागच्या दारानं त्यांच्या घरात गेले. परीक्षेला चार दिवस उरले होते. मेहविश चुलीपुढं होती, हात धुऊन आली, तिकीट घेतलं, तारीख बघितली. मग म्हणाली, "काकू, एक विचारू? काकांनी मला परत पाठवलं त्या दिवशी तुम्ही घरात नव्हतात ना? मी तेच धरून चालले होते. तुम्ही असतात तर बोलला असतात."

खोटं बोलणं सोपं होतं. श्रीरामपूरला गेले होते म्हटलं असतं तरी तिनं मान हलवली असती.

"होते गं," मी म्हटलं. "आतच होते."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिकीट ओढणीच्या टोकात बांधलं आणि म्हणाली, "उद्या दोनला येते. मला चार दिवस दीडच्या जागी तीन तास बसू द्याल का?"