दुसऱ्या मजल्यावर थांबलेला चोर

आमच्या वाकोल्यात संघमित्राताईबद्दल एक बातमी जोरात आहे. माधुरीकाकूंकडचा चोर हाती लागला होता आणि हिनेच त्याला सोडलं. बी विंगवाले तर भुवया वर करून, नाकातून सांगतात, "अगंऽ, सेटिंग असणार यार!"

साफ खोटं. माणिक नावाचा तो माणूस अजून आतच आहे. साकीनाक्याच्या दोन घरफोड्या त्याने खरंच केल्यात. फक्त आमच्या काकूंची तिसरी घरफोडी त्याच्या अंगावर घालायला ताईने नकार दिला. मी दाराच्या भिंगातून सगळं पाहिलंय.

ताई तळमजल्यावर राहते, इथल्याच पोलीस ठाण्यात हवालदार आहे. घरचे लातूरकडचे, पण बोलणं पक्कं वाकोल्याचं, एक घाव दोन तुकडे. मी एकदा विचारलं होतं, "तुम्हा पोलिसांना मार्क कसे देतात गं?"

"जितक्या घरफोड्या नोंदवल्या, त्यातल्या किती उघड झाल्या, ती टक्केवारी. आरोपी पकडून गुन्हा त्याच्यावर लावला की झाली उघड."

"आणि माल नाही मिळाला तर?"

"त्याचा आकडा वेगळा."

"कोर्टात सुटला तर?"

"तोही वेगळा. उघड ती उघडच."

म्हणून एक चोर सापडला की त्याच्या तोंडून जुन्या घरफोड्याही पटापट कबूल होतात. वरिष्ठांची मीटिंग तोंडावर आली होती आणि ताईच्या ठाण्यातल्या चैतन्य साहेबांची टक्केवारी पार बसली होती. त्यातच माणिक म्हणाला, वाकोल्याचीही मीच केली. काकूंच्या आईच्या पाटल्या गेल्या होत्या. गुन्हा माणिकवर लागला की पाटल्या 'आरोपीने विकल्या', शोध बंद, आणि खरा चोर मोकळा.

पण आधी आरोपीला पंचांसमोर घर स्वतः दाखवावं लागतं. आणि आपले लोक काय करतात? चोर बघायला त्याच दारासमोर गर्दी! मग माझा तीन वर्षांचा भाऊही सांगेल, कुठलं घर ते.

म्हणून सकाळी ताई आधी एकटी वर आली. "सगळे आत. दारं लावा. कोणी डोकं बाहेर काढलं तर बघा."

"अगो, चोर माझो आणि माकाच बघूक नाय?" तिसऱ्या मजल्यावरून काकू.

"काकू, पाटल्यांसाठीच म्हणते. आत व्हा."

धाडधाड दारं लागली. मग जिन्यात पावलं. पहिल्या मजल्यावर थांबली. पुन्हा निघाली. आमच्या दुसऱ्या मजल्यावर आली आणि बंदच झाली. भिंगात माणिकचं डोकं फुगलेलं दिसलं. त्याची नजर एका दारावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून आमच्यावर. मी किल्ली हरवली म्हणून बाबांनी परवाच नवं कुलूप बसवलं होतं, चकचकीत. घर फुटल्यावर कुलूप बदलतातच की. माणिकने थेट माझ्या डोळ्याकडे बोट केलं.

"हेच."

आईने माझा दंड धरला तो सोडेचना.

बाहेर साहेब खोकले. "नीट बघ रे, काय? वर अजून मजला आहे, काय?"

"साहेब," ताई म्हणाली, "त्याला दाखवू द्या."

"हेच घर," माणिकने पुन्हा बोट केलं. "शंभर टक्के."

पंच म्हणून आलेले कोपऱ्यावरचे किराणावाले अण्णा जिन्याचा कठडा पुसत बसले. माणिकला खाली नेलं. साहेब ताईच्या जवळ सरकले. "माणूस चुकतो, काय? पंचनाम्यात तिसरा मजला लिही. संध्याकाळी टेबलावर पाहिजे. नाहीतर उद्यापासून खारदांड्याला बंदोबस्त, काय?"

ते उतरले तशी मी दार उघडलं. ताई भिंतीला टेकून उभी होती, हातातलं पेन नुसतं फिरवत.

"ताई, तू लिहिणार. लाव पैज."

"लिहिलं तर?"

"साहेबांची नक्कल तू करायची, अख्ख्या बिल्डिंगसमोर. काय?"

ती हसली नाही. "आणि नाही लिहिलं, तर चोर सापडलेला नाही हे काकूंना तू सांगायचंस, गंधाली. तुझ्या स्वतःच्या आवाजात."

मी टाळी दिली. साहेबाशी कोण वाकडं घेतं?

संध्याकाळी ताई आली ती बूट काढायच्या आधी मला हाक मारत. "दुसरा मजला लिहिलं. अण्णांनी सही केली. काकूंचा तपास चालू आहे, आणि मी उद्यापासून खारदांड्याला. जा वर."

मी गेले. काकू साखरेची वाटी घेऊनच दारात आल्या. "गावलो मां गो मेलो? घे, तोंड गोड कर."

साहेबांचं 'काय' जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"काकू, तो आपला चोर नव्हता. शोध चालू आहे."

काकूंनी वाटी मागे घेतली नाही. पुढेही केली नाही.