भिलाआप्पांची जॉर्जेटची चिंधी

भिलाआप्पांच्या सदऱ्याच्या खिशात रुमाल नसे, जॉर्जेटची चिंधी असे. सुरतेच्या गोडादऱ्यात साडीच्या चिंध्यांना काय तोटा? पण आप्पांची चिंधी निवडलेली असायची. फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी, आणि जरा खरखर लागली की लगेच धागा सोडणारी. लाकडाची कुठलीही वस्तू दिसली की ते चिंधी काढत, दोन बोटांत धरून त्या वस्तूवरून डोळे मिटून ओढत. शेजाऱ्यांची चौकट, देवळातला पाट, बँकेतल्या बाकाचा हात, कशाचीच सुटका नसे. चिंधी सरळ निघाली तर नुसती मान हलवत. अडकली तर मालकाला ऐकवत.

आमची पहिली भेट अशीच झाली. बारावीपर्यंत पारोळ्याला शिकून मी कॉलेजसाठी सुरतेला मामांकडे आले होते. मामा रिक्षा चालवत, आणि आप्पा त्यांच्या समोरच्या खोलीत राहत. मामी पोळ्या करत होती. एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ न विचारता आत आले, तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि पिठासकट त्याच्यावर चिंधी ओढली आणि अहिराणीत निकाल दिला.

"सुमन, तुन्हं लाटनं अडकस. म्हनीसन पोळी फाटस."

"पोळी पिठानं फाटते, आप्पा."

"लाकूडना दोष पीठवर टाकू नको!"

लाटणं घेऊन ते गेले ते गेलेच. त्या सकाळी मामीनं उरलेल्या पोळ्या तांब्यानं लाटल्या. संध्याकाळी लाटणं परत आलं, काचेसारखं गुळगुळीत होऊन. पोळ्या सुधारल्या असं मामीनं कधीच कबूल केलं नाही. पण ते लाटणं ती पुढे कुणाला उसनं द्यायची नाही.

आप्पांचा मूळ धंदा धोटे दुरुस्त करण्याचा. जुन्या मागावर उभ्या सुतांमधून इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा असे. त्याला एक बारीक कूस जरी निघाली, तरी तो सूत तोडत सुटे आणि अख्खा कपडा बिघडे. म्हणून कारखान्या-कारखान्यातून आप्पांना बोलावणी यायची. ते धोटे घासत, तेलात मुरवत, आणि शेवटी चिंधी ओढून पास करत. मग बिनधोट्याची नवी यंत्रं आली. काहींत तर पाण्याची धारच सूत वाहून नेते. धोटे पोत्यांत भरून गेले आणि कुणाच्या तरी बंबाखाली जळले. आप्पा हे सांगताना रडत वगैरे नसत. "धोटा जळना," असं म्हणून ते आपले दोन्ही पंजे पुढे करत, "हाई नही जळनं."

त्या हातांना काम मिळालं ते माझ्यामुळे, असं आप्पा सांगत. मी म्हणेन, हरेशभाईंमुळे. आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात पूलचं टेबल होतं. मुली कॅरमकडे वळत, म्हणून ते बरेचदा मोकळं सापडे, आणि मी खेळू लागले. पुढे नाद लागला. लिंबायतमध्ये हरेशभाईंचं पूल पार्लर होतं. दुपारी तिथे गिऱ्हाईक नसे, तेव्हा ते मला सराव करू देत. माझी स्वतःची काठी नव्हती. कोपऱ्यात एक टाकून दिलेली क्यू होती. तिचा पुढचा निमुळता दांडा, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो खडूनं निळा-काळा पडलेला आणि जागोजागी चेपलेला. हरेशभाई म्हणाले, "लई जा, बेन. अहीं तो उंदरडा पण एने अडता नथी." उंदीरसुद्धा शिवत नाही अशी ती काठी मी घेऊन आप्पांकडे गेले.

आप्पांनी ती कानाशी धरून टिचकी मारली. चिंधी ओढायला घेतली, तर ती वीतभरही सरकेना. त्यांचा चेहरा मात्र सणासारखा खुलला. "जित्ती शे अजून," ते म्हणाले. "ठेव आठे."

त्या सुमारास त्यांच्या घरात एक वेगळंच प्रकरण चालू होतं. थोरला मुलगा राजू यानं त्यांच्यासाठी एका कापड मार्केटात वॉचमनची नोकरी ठरवली होती. निळा गणवेश आणि टोपी घरी येऊनही पडली होती. राजूचा हेतू वाईट नव्हता. म्हाताऱ्यानं दिवसभर चिंधी घेऊन लोकांच्या चौकटी तपासत फिरावं, यापेक्षा सावलीत स्टुलावर बसावं, एवढंच त्याला वाटे. टोपी खुंटीला लटकत होती. आप्पा तिच्याकडे पाठ करून जेवायचे.

आप्पांनी माझी काठी परत दिली तेव्हा ती मधासारखी चमकत होती. गल्लीतल्या बायकासुद्धा बघायला आल्या. मी तिला संध्याकाळच्या गर्दीत मिरवत हरेशभाईंकडे नेली आणि खेळायला वाकले. पहिले काही फटके छान गेले. मग डाव्या हाताच्या बोटांत काठी थबकू लागली. खडूची निळी भुकटी तिला चिकटली, तिचा लगदा झाला आणि बोटं निळी झाली. आप्पांनी शाफ्ट चांगला मुरवला होता, अगदी धोट्यासारखा. तेलात.

हरेशभाईंनी काठी हुंगली. "काका, आ तो भजियां तळवानुं काम थयुं!" ते ओरडले आणि अख्खं पार्लर हसलं. आप्पा दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. घरी राजू म्हणाला, "आप्पा, झालं ना समाधान? आता पहिल्या तारखेपासून जा."

आणि तेव्हा आप्पांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. शहरातल्या मुलींची स्पर्धा जवळ आली होती, माझं नाव कॉलेजनं दिलं होतं. "स्पर्धा व्हऊ दे! आंडेरनी काठी तठे अडकनी, तर मी टोपी घालसू. नही अडकनी, तर ती टोपी मन्हा डोकावर कोनी ठेवानी नही!" आंडेर म्हणजे मुलगी. आप्पा मला कधी नावानं हाक मारत नसत.

दुसऱ्या दिवशी मी क्यू घेऊन पार्लरला निघाले, तर आप्पा माझ्या मागे. तिथे ते खुर्ची टेबलाजवळ ओढून बसले, पण चेंडूंकडे पाहीनात. ते माझा डावा हात पाहत होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यातून काठी कशी पुढे-मागे जाते, हे ते दुपारभर पाहत राहिले. चहा आला, थंड झाला. उठताना ते मला म्हणाले, "धोटाले सूत शिवस. हाई लाकूडले मानूसना हात शिवस. हातले घाम ऱ्हास. मन्ही अक्कल तठेच घसरनी." आपली चूक आप्पांनी एवढ्या मोठ्यानं सांगितली, की जणू ती शोधून काढल्याबद्दल त्यांना बक्षीस मिळायला हवं होतं.

मग ते कामाला लागले. आधी तेल बाहेर काढायचं. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं शाफ्टला गुंडाळायचं, सोडायचं, वर पांढऱ्या खडूची भुकटी फासायची. भुकटी पिवळी पडली की पुसून पुन्हा. तेल निघाल्यावर चेपलेल्या जागा. तिथे ओलं फडकं ठेवून वरून मामीची इस्त्री टेकवली, की वाफेनं लाकूड फुगून वर येई. इथे मी घाई करू लागले. खड्डे भरले होते, स्पर्धा तोंडावर होती. मी म्हटलं, "आप्पा, आता सीलर मारून टाका ना."

"वाफ आत शे अजून. आते तोंड बंद करशी तर काठी आतमा वाकडी व्हई." त्यांनी शाफ्टला दोरी बांधली आणि छताच्या कडीला उभा टांगला. भिंतीला टेकवला तर वाकतो, म्हणून. तो वाळेपर्यंत त्यांनी मला हात लावू दिला नाही. मी हरेशभाईंच्या दुसऱ्याच काठीनं सराव करत राहिले आणि दर संध्याकाळी येऊन त्या टांगलेल्या दांड्याकडे बघून जात राहिले.

अखेर तो उतरला. अगदी बारीक पॉलिश पेपर, तोही लांबीच्या दिशेनं. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पातळ हात. लावला की लगेच पुसायचा. मग चामड्याचा तुकडा मुठीत धरून इतका घासायचा, की तळहाताला चटका बसावा. या गरमीनंच लाकडाची छिद्रं मिटतात. सगळ्यात जास्त वेळ आप्पांनी दोन्ही टोकांना दिला. जिथे चेंडूला लागणारी चामड्याची टिप बसते तिथे आणि जिथे शाफ्ट मागच्या दांड्याला जोडतो तिथे, थेंब थेंब चपडा मुरवला. "लाकूड टोकनीघाई पानी पेस," ते म्हणाले. "आंग सगळं बंद करशी आनि तोंड उघडं ठेवशी, तर काय उपेग?"

शेवटी चिंधी निघाली. ती वरच्या टोकापासून सुटली आणि कुठेही न थांबता खाली आली. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा ओढली. पुन्हा.

स्पर्धा वेसूच्या बाजूला एका मोठ्या क्लबात होती. आमच्या गल्लीतून मामांची रिक्षा भरून निघाली. मागच्या सीटवर मी, मामी, आप्पा आणि त्यांच्या मांडीवर आडवी क्यू. मागून मोटरसायकलवर राजू. पावसाळा सरतानाची ती चिकट हवा, आणि उपांत्य फेरी संपता संपता क्लबचा एसी बंद पडला. थोड्या वेळात सगळ्यांचे पंजे ओले झाले. खेळाडू पावडर मागू लागले. टेबलाचा हिरवा कपडा पांढरा होऊ लागला, तशी पंचांनी पावडर बंद केली.

अंतिम सामना धारा नावाच्या मुलीशी होता. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची, हे मी आजही सांगते. तिची काठी परदेशी होती. शेवटच्या डावात तिचा एकच चेंडू आणि मग डाव जिंकून देणारा काळा उरला होता. ती वाकली, हात मागे घेतला, आणि पुढे येताना काठी तिच्या बोटांत किंचित थबकली. सभागृहाला कदाचित दिसलंही नसेल. चेंडू खिशाच्या तोंडाशी जाऊन थांबला.

मी वाकले. माझ्याही हाताला घाम होता. पण शाफ्ट बोटांतून असा गेला की मला हात आहे याचीच आठवण राहिली नाही. माझे चेंडू एकामागून एक गेले. काळा लांबच्या कोपऱ्यात, कडेला लागून होता. फटका बसल्याचा आवाज झाला, आणि चेंडू खिशात पडण्याच्या आधीच मागून आरोळी आली, "गया!"

मी वळून पाहते तो आप्पा खुर्चीवर उभे. पंच "काका, नीचे!" म्हणत होते. आप्पा खाली उतरले ते थेट टेबलाकडे आले. त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, खिशातली चिंधी काढली, आणि सगळ्या क्लबासमोर ती शाफ्टवरून ओढली. चिंधी हातातून सुटून तरंगत जमिनीवर पडली.

"राजू! अडकनं का?"

मागच्या रांगेतून राजू, ज्यानं टोपी आणली होती तोच, दोन्ही हात वर करून ओरडला, "नही अडकनं, आप्पा!"

सगळ्यात आधी आली ती धारा. तिनं माझा हात हातात घेतला, मग आप्पांकडे वळून, हीही करून द्या म्हणत आपली काठी पुढे केली. "काका, आने पण करी आपो ने."

आप्पांनी चिंधी उचलून तिच्या काठीवर ओढली. "अडकस," ते अत्यंत आनंदानं म्हणाले.

त्यानंतर आप्पांच्या खोलीच्या छताला काठ्याच काठ्या टांगलेल्या असत. वेसूहून, अडाजणहून गाड्या यायच्या आणि आमच्या गल्लीत अडकायच्या. हरेशभाई आपल्या पार्लरच्या साऱ्या काठ्या घेऊन आले, तेव्हा आप्पांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "भजियामा तळू का?" टोपी खुंटीवरून खाली आली. आप्पा तिच्यात पॉलिश पेपरचे तुकडे ठेवू लागले.

मी पदवीधर झाले तेव्हा आमच्या घराण्यात कुणी पहिल्यांदाच पदवीधर होत होतं. मामांनी पदवीचा कागद तडक लॅमिनेट करून आणला. मला बडोद्याला नोकरी लागली होती. निघण्याआधी मी तो आप्पांना दाखवायला नेला. खोलीत क्लबवाले दोघं ताटकळत बसले होते. आप्पांना मराठी वाचता येई, इंग्रजी नाही. त्यांनी माझ्या नावावरून बोट फिरवलं, मग सवयीनं चिंधी काढली आणि पदवीच्या कडेवरून ओढली. तिसऱ्या कोपऱ्यावर ती अडकली.

"काका, हमारा शाफ्ट..." क्लबवाल्यांपैकी एक म्हणाला.

"थांबा! पहिले मन्ही आंडेरनी डिग्री." त्यांनी टोपीतून बारीक पेपर घेतला आणि प्लॅस्टिकचा तो धारदार कोपरा घासू लागले. कागदाला धक्का न लावता, हळूहळू, गोल होईपर्यंत. मग चिंधी पुन्हा ओढली. ती सरळ निघाली. "जाय आते," ते म्हणाले.

आप्पा आता नाहीत. त्यांच्या छताला टांगलेल्या शेवटच्या काठ्या राजूनं पुऱ्या केल्या. चिंधी ओढूनच दिल्या, आणि तो अजूनही देतो. माझी पदवी मी आजवर कितीतरी टेबलांवर ठेवली आहे. एखादा साहेब ती उलटसुलट करतो आणि विचारतो, "तीन कोपरे टोकदार आणि हा एकच गोल कसा?"

मी सांगते, "तिथे आमच्या भिलाआप्पांचा हात लागलाय."