मागच्या सीटवरच्या अक्का

"दाखव बघू," असं म्हणून अक्का तळहात पुढे करायच्या. बाजारातून आणलेलं वांगं असो, नवीन चप्पल असो की माझ्या लग्नाचा फोटो, आधी तो तळहात. वस्तू त्यावर ठेवली की अंगठा तिच्यावरून सावकाश फिरायचा, मग ती नाकाशी जायची आणि मग निकाल लागायचा. फोटो फोनमध्ये होता, त्यामुळे हाताला नुसती काच लागली. "नवरी स्वल्प गार आहे रे," एवढंच म्हणाल्या.

अक्कांना दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्यांनाही ते आधीच सांगून मोकळं व्हायला आवडायचं. "मला दिसत नाही, ऐकू मात्र नको तेवढं येतं. आता बोल," अशी त्यांची नव्या माणसाशी ओळख व्हायची.

येलहंकातल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर आणि मी वर. मी नागपूरचा, नोकरीपायी इकडे आलेलो. त्यांचं घराणं मात्र कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कन्नडमध्ये भिजलेली. नवा होतो तेव्हा शेजाऱ्यांचं ऐकून मी त्यांना अक्का म्हणू लागलो आणि त्यांच्या यजमानांना अण्णा. त्या दिवशी बाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. "अय्यो! मी अक्का आणि हे अण्णा? बहीण-भाऊ करून टाकलंस की आम्हाला! आमचं लग्नच मोडलंस!" मग ठरलं, त्यांना काका म्हणायचं. "पण मला अक्काच म्हण. काकू म्हटलं की गुडघे दुखतात."

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा आवडता शब्द 'सावकाश'. जिना सावकाश, चहा सावकाश, बोलणंसुद्धा सावकाश. अक्कांचे डोळे गेल्यापासून तर त्यांच्या कोपराला धरूनच ते चालायचे, दारापासून फाटकापर्यंत, दोघं मिळून, सावकाश.

एकदा मी पार्किंगमध्ये माझी सायकल पुसत होतो. अक्का आल्या, तळहात पुढे. मी सायकलचं हँडल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घंटी वाजवली, सीट चाचपली, टायर दाबून बघितला. कधी काळी त्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि रोज सायकलनेच जायच्या, हे मला तेव्हा कळलं.

"डोळे गेले ते गेले," त्या म्हणाल्या, "पण डोळे गेल्यापासून मला कुणी जोरात जाऊ दिलं नाही बघ. सगळे धरून चालवतात. तोंडाला वारा कसा लागतो तेच विसरले मी."

"काकांच्या स्कूटरवर बसत जा ना."

"त्यांच्या स्कूटरला कावळेसुद्धा ओव्हरटेक करतात."

आता अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण आमचं तोंड! मी म्हणून गेलो, "दोन सीटची सायकल मिळते ना अक्का. मी पुढे, तुम्ही मागे." बाप्पा! बाईंनी माझं मनगट असं धरलं की तिथेच पुढचे सगळे रविवार गहाण पडले.

काका हादरलेच. "पडलीस तर?"

"पडले तर उठीन. बसूनच राहिले तर उठायचं विसरेन."

काकांनी एकच अट घातली. मागच्या सीटलाही ब्रेक हवा, आणि तो अक्कांच्या हातात हवा. भीती वाटली की ओढायचा. अक्का म्हणाल्या, "सरी, चालेल. पण भीती कोणाला वाटली की, ते आधी ठरवा."

तशी सायकल तयार मिळत होती, पण अक्कांना ती नको होती. "साडीसुद्धा मी कधी दुकानदाराच्या आवडीची नेसले नाही." मग इंदिरानगरात सायकली मनासारख्या जुळवून देणारं एक दुकान शोधलं. तिथला दाढीवाला मालक फार उत्साही. त्याने दोन सायकलींचा मिळून एक लांबलचक सांगाडा करून घेतला आणि बाकीचे सुटे भाग निवडायला आम्हाला बोलावलं. प्रत्येक भाग हातात देताना तो त्याचं वजन सांगायचा. "हे कार्बनचं आहे अक्का, एकदम हलकं."

"कार्बन म्हणजे कोळसाच ना? बेडा, बेडा. नको मला. हाताला लोखंड लागू दे, म्हणजे कळेल तरी काहीतरी धरलंय."

त्या दुकानात अक्कांनी जो गोंधळ घातला, तो पाहायला तुम्ही हवे होतात. सीट निवडायची म्हणून भिंतीवरच्या सगळ्या सीटा उतरवून, स्टुलावर ठेवून, एकेकीवर पदर सावरून बसून पाहिल्या. "ही टोचते. ही घसरते. ही चांगली आहे, पण हिच्यावर बसून माणूस कीर्तन ऐकेल, सायकल चालवणार नाही." घंटीच्या वेळी तर दुकानातल्या एकूण एक घंट्या वाजल्या. मालकाचा कुत्रा टेबलाखाली गेला तो आम्ही जाईपर्यंत बाहेर आला नाही. शेवटी एक पितळी घंटी पसंत पडली. "ही ऐकून माणसं बाजूला होतील आणि रागावणारही नाहीत."

रंगाचं विचारलं तेव्हा मी आगाऊपणा केला. "कुठलाही चालेल की, तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला दिसत नाही रे, पण लोकांना मी दिसते ना!" त्यांनी केसांतला अबोलीचा गजरा काढला, इथे त्याला कनकांबर म्हणतात, आणि मालकाच्या हातात ठेवला. "अगदी हाच रंग. हा मला पक्का आठवतो."

आता सांगा, त्या मालकाने काय करावं? गजरा जपून खिशात ठेवला आणि दोन दिवसांनी सुकलेलाच रंगाऱ्याला दाखवला. सायकल तयार होऊन आली ती थेट मसाला डोशाच्या रंगाची. मी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. "अगदी अबोली," काका म्हणाले. जन्मात खोटं न बोललेला माणूस! आठवड्याभराने शेजारच्या बाईंनी खरं सांगून टाकलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "डोशाचा? बरंच झालं. फिरून आलं की भूक लागणारच होती."

पण खरी लढाई झाली ती टायरांवरून. मालकाने आधी एक गुळगुळीत, सडसडीत टायर दिला. डांबरी रस्त्यावर लोण्यासारखा चालेल, आवाज म्हणून नाही. अक्कांनी अंगठा फिरवला, वास घेतला आणि परत दिला. "हा मुका आहे." दुसरा, तिसरा, सगळे मुके. मग कोपऱ्यात टांगलेला एक जाडजूड टायर हाताला लागला. चिखलाच्या, डोंगराच्या वाटेसाठीचा, अंगभर रबराच्या गाठी. फणस चाचपावा तसा अक्कांनी तो चाचपला आणि चेहरा असा उजळला म्हणता!

"हा! हा बोलका आहे. ह्याचेच दोन दे."

मालक म्हणाला, "अक्का, हा साध्या रस्त्यावर फार आवाज करेल. चालवायलाही जड जाईल." मी म्हणालो, "अक्का, जड म्हणजे मला जड." काका म्हणाले, "लोक काय म्हणतील?" अक्कांनी टायर गळ्यात अडकवला आणि सरळ दाराकडे निघाल्या. चुकीच्या दाराकडे, पण निघाल्या.

पहिल्या रविवारी सकाळी अख्खी गल्ली गॅलरीत. अशा सायकलवर दोघांची पेडलं एकाच साखळीला बांधलेली असतात, पुढच्याने पाय फिरवले की मागच्याची पेडलंही आपोआप फिरतात. म्हणून निघताना दोघांनी एकदम जोर लावायचा असतो. मी समजावलं, "मी एक, दोन, तीन म्हणेन. तीनला निघायचं." काका घरातून गादी घेऊन आले. पडणार कुठे ते माहीत नसल्यामुळे गादी उचलून सायकलच्या बाजूने पळायची त्यांची तयारी होती.

मी म्हटलं, "एक, दोन..." आणि बाईंनी पेडल हाणलं! सायकल निघाली, मी अर्धा सीटवर, अर्धा हवेत. "तीन कशाला लागतं रे?" मागून ओरडल्या. पुढेही कधी त्या तीनपर्यंत थांबल्या नाहीत.

आणि तो टायरांचा आवाज! घुर्रर्र! घरघंटी चालू केल्यासारखा. कुत्री भुंकायची, गॅलरीतली माणसं कानांवर हात ठेवायची आणि अक्का मागे बसून आनंदाने किंचाळायच्या. मग हळूहळू मला उमगलं की त्या ऐकतायत. रस्ता बदलला की टायरांचा सूर बदलायचा. "डांबर," त्या म्हणायच्या. मग, "काँक्रीट." मग, "माती! माती! तळं आलं!" इतके दिवस जमिनीने त्यांना फक्त ठेचा दिल्या होत्या. आता ती त्यांच्याशी गप्पा मारत होती. आम्हाला काय ठाऊक! आम्ही वजनं बघत बसलो होतो.

दर रविवारी तळ्यापर्यंत आमची वरात निघायची. पुढे मी धापा टाकत, मागे अक्का, त्यांच्यामागे स्कूटरवर काका, डिकीत मलमपट्टीची पेटी. वरून हवाईदलाचं विमान गेलं की अक्का घंटी वाजवून त्याच्याशी शर्यत लावायच्या. "गाठ त्याला! स्वल्प जोरात!" मागून काकांची आरोळी, "सावकाश!" मधल्यामध्ये माझं सँडविच. चढावर मला शंका यायची की ह्या पाय नुसते पेडलवर ठेवून बसल्यात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मीच तर ओढतेय तुला."

मागचा ब्रेक अक्कांनी एकदाच ओढला. तळ्याच्या थोडं अलीकडे, असा करकचून की माझं नाक हँडलवर आपटलं.

"काय झालं? भीती वाटली?"

"ह्यांच्या स्कूटरचा आवाज येत नाही."

त्या टायरांच्या घरघरीत मला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता, आणि ह्यांना मागे बंद पडलेली स्कूटर ऐकू आली होती. सायकल वळवून परत गेलो. काका रस्त्याच्या कडेला उभे होते. स्कूटरला काही झालं नव्हतं, त्यांनीच बंद केली होती. चष्मा काढून रुमालाने डोळे पुसत होते.

"धूळ गेली," मला म्हणाले.

अक्कांनी तळहात पुढे केला. "दाखवा बघू." काकांचा ओला रुमाल हातात घेतला, अंगठा फिरवला. "एवढी धूळ?"

मग काका बोलले, सावकाशच बोलले. "मागून बघत होतो. लग्न झालं तेव्हा तू शाळेतून अशीच यायचीस. तेव्हाही मी ओरडायचो."

"आणि तेव्हाही मी ऐकत नव्हते," अक्का म्हणाल्या. दोघंही हसत सुटले. मी नाक चोळत उभा होतो, पण खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले होते.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या आधी अक्का गेल्या. झोपेतच हृदय थांबलं. एवढी घाईची बाई, जातानाही तीन म्हणेपर्यंत थांबल्या नाहीत.

सायकल पार्किंगमध्ये उभी राहिली. काकांनी तिच्यावर अक्कांची जुनी साडी घातली. एकदा टायर बसून खराब होतील म्हणून मी ती एकटाच बाहेर काढली. मागे कुणी नसताना मागची पेडलं फिरत होती. नेहमीच्या चढावर मात्र पाय भरून आले, आणि तेव्हा मला कळलं की बाई खरंच ओढत होती. मी तिथूनच परत फिरलो.

त्यानंतर एका रविवारी सकाळी दार वाजलं. काका उभे होते. डोक्यावर अक्कांचं हेल्मेट, आत कानटोपी. या माणसाला सायकल येत नव्हती, कधी आली नव्हती, तिची त्यांना आयुष्यभर धास्ती.

"मी बसू का मागे?"

खाली आलो. त्यांना बसवलं, पाय पेडलवर ठेवून दिले. ब्रेक कुठे आहे ते दाखवायला गेलो तर म्हणाले, "माहीत आहे, मीच लावायला सांगितला होता." मी एक, दोन, तीन म्हणालो. तीनला निघालो, अगदी हळू, त्यांना झेपेल तसं. टायर गुरगुरू लागले. मी वळून पाहिलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

"डांबर," थोड्या वेळाने ते पुटपुटले. पुढच्या वळणावर, "काँक्रीट."

तळ्याकडचा सरळ रस्ता लागला. वरून विमानाची घरघर आली. काकांनी चाचपडत पितळी घंटी शोधली, वाजवली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"अरे, काय सावकाश चालवतोस!" काका म्हणाले. "स्वल्प जोरात!"